गोलाच्या वरची जागा

मंगळवार, चौदा तारीख
दुपारचा चहा झाल्यावर

चि. शहाणे,

आजीचे आशीर्वाद, आणि विसराळूपणात पहिला नंबर टिकवल्याबद्दल शाबासकी. मला चारच दात उरलेत हे तीन पत्रांत कळवलं, तरी तू डबाभर बदामाची बिस्किटं पाठवलीस. एक मी चहात बुडवून ठेवलं. चहा संपला, बिस्कीट होतं तसंच. बाकीची आजोबांनी खाल्ली, आणि असा आवाज करत खाल्ली की कारकून कपाटाखाली जाऊन बसला. कारकून म्हणजे आपला बोका, हे तरी आठवतंय ना? अजूनही कुणी कागद काढला की वर येऊन बसतो आणि काम अडवतो. आत्ताही या पत्राचा एक कोपरा त्याच्या पोटाखाली आहे.

आम्ही बरे आहोत. जिना चढताना माझा गुडघा बोलतो. आजोबांशी मात्र शनिवारपासून मी बोलत नाही. पत्र सांगायचं म्हणून आज तेवढी सवलत दिली आहे. का, ते सांगते.

बिस्किटांबरोबर तुझं पुस्तक आलं. आजोबा रोज संध्याकाळी एकेक लेख वाचून दाखवायचे. तुझ्या वर्गाच्या वह्यांवर कारकुनाने शाईचे पंजे उमटवले, आणि ज्यांच्या वहीवर पंजा नव्हता ती मुलं रडायला लागली, हे ऐकून मी इतकी हसले की उचकी लागली. मी आजारी माणसालाही बरा होईपर्यंत रागावते, असं तू लिहिलंयस. साफ खोटं. बरा झाल्यावरही रागावते.

असं करत शेवटचा लेख आला. हे चष्मा पुसत म्हणाले, पुढची पानं कोरी आहेत.

मला अक्षर ओळखता येत नाही, पण कोरं पान ओळखता येतं.

दुसऱ्या दिवशी पुस्तक पिशवीत घातलं, वर पडद्याचं कापड ठेवलं आणि कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंकडे गेले. त्यांनी मशीन थांबवलं, तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि वाचायला लागल्या. तू लिहिलं होतंस: आजी तीन पानं रागावते. मग खाली, तिच्या सहीच्या गोलाच्या वर, एक ओळ असते. "तुझा कप मी कुणाला देत नाही." ही ओळ आजीची की आजोबांची, मला ठाऊक नाही. ज्या दिवशी कळेल त्या दिवशी घरी जाईन.

शिंपीणबाई डोळे पुसत म्हणाल्या, किती गोड सांगता हो तुम्ही. अगं, मी असलं काही कधी सांगितलंच नाही. उलट तुझा कप बोक्याला दिला, असं दोनदा सांगितल्याचं मला चांगलं आठवतं.

मग डोक्यात उजेड पडला. सही येत नाही म्हणून मी पत्राखाली गोल काढते. दर वेळी हे म्हणायचे, वर दोन बोटं जागा सोड, शाई वाळू दे. पाच वर्षं मी जागा सोडली. जन्मभर शाळेत कॉपी करणारी पोरं पकडली या माणसाने, आणि माझ्याच पत्रात माझ्याच नाकाखाली ओळी घुसडत होता.

घरी आले ती चपलाही न काढता विचारलं. हे पेन्सिलीला टोक करत होते. तसेच खाली बघत म्हणाले, "तू सांगितलेलं सगळं लिहिलं, एक शब्द गाळला नाही. पण तू रोज सकाळी तो कप उतरवून पुसतेस, तेही याच घरात घडतं. ते कोणी कळवायचं?"

मग मी चपला काढल्या. लग्नाला पंचावन्न वर्षं झाली. सकाळी हे वर्तमानपत्र वाचतात असं मी समजत होते.

आता तुझं आणि माझं. शाळेची नोकरी सोडून तू लिहायला निघालीस, तेव्हा दारात मी म्हणाले, लिहून काही झालं तरच तोंड दाखव. तू पिशवी उचललीस. जिन्याच्या वळणावर तू मागे बघितलंस की नाही, ते मला आठवत नाही. विसराळूपणा तू माझ्याकडूनच घेतला असशील.

नाही. आठवतं. तू बघायच्या आत दार मीच लावलं होतं.

कप फळीवर उजवीकडे उपडा आहे. कानाला गेलेला तडा जुनाच. कारकुनाने एकदा त्यात तोंड घातलं, तर त्याच्याशीही दोन दिवस बोलले नव्हते. तेव्हा कान उघडे ठेवून ऐक: तुझा कप मी कुणाला देत नाही. हे मी सांगतेय, माझ्या तोंडाने. यांनी पेन थांबवलंय आणि परत चष्मा पुसायला घेतलाय. म्हटलं लिहा, पान कोरं ठेवू नका.

डाकेत टाकण्याआधी हे पत्र शिंपीणबाई मला वाचून दाखवतील. आणि गोल आज अगदी शेवटच्या अक्षराला चिकटवून काढणार आहे. शाई पसरली तर पसरू दे, वर बोटभरही जागा नको. पुस्तक झालं, म्हणजे लिहून काहीतरी झालंच. माझी अट संपली.

सांगणारी, तुझी आजी
लिहिणारे, या वेळी फक्त लिहिणारे, तुझे आजोबा

ता. क. बिस्किटं पुरे. केक हवा, मऊ, बदाम न घातलेला. डाकेत तो चेपतो म्हणतात, तेव्हा मांडीवर ठेवून आण○