इटारसीचे एकवीस किलोमीटर

पिपलानी सोडून आता बाग सेवनिया, भोपाळ
१७ डिसेंबर २००३

प्रिय अशोक,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे उघडशील की नाही, याची मला खात्री नाही. सोळा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. जे काही कळवायचं ते अनुराधामार्फत, जणू ती तुझी बहीण नसून आपल्या दोघांमधलं टेलिफोन एक्स्चेंज आहे. उघडलंसच, तर शेवटपर्यंत वाच. मधे राग आला तर ठेवून दे आणि दुसऱ्या दिवशी पुढचं वाच, पण वाच.

विमलमावशी गेल्याचं तुला कळलं असेलच. परवा तिचा तेरावा होता. गाडीचं आरक्षण मिळालं नाही म्हणून मी तुझी जीप काढली. हो, ती अजून आहे. सहासष्टाव्या वर्षी मी तिच्यातून भाजी आणायला जातो आणि कॉलनीतली पोरं मला मिलिटरीवाले आजोबा म्हणतात. ऑगस्टमध्ये तिचे टायर पार गेले होते. सोनागिरीच्या श्यामच्या गॅरेजमध्ये नेली, तर तो म्हणाला, बाबूजी, इतने बड़े अब नहीं मिलते, कंपनीवाले साइज़ के डाल देता हूँ. मी मनात म्हटलं, बघ, शेवटी माझंच खरं झालं. माझा स्वभाव तुला माहीत आहे, असल्या गोष्टीचाही मला आनंद होतो.

ते मोठे टायर तू बसवलेस तेव्हा आपण किती भांडलो होतो! लिलावातली जुनी जीप, तुझा पहिला पगार, आणि त्यावर ट्रकला शोभतील असले टायर. मी कॅलेंडरच्या पाठीवर चाकं काढून तुला समजावलं होतं. चाक मोठं झालं की इंजिनाला तेवढ्याच ताकदीत जास्त मोठा घेर फिरवावा लागतो, म्हणून चढावर गाडी रडते, गिअर उतरवावा लागतो, टायरचं वजन वाढतं ते वेगळंच, आणि हे सगळं पेट्रोलमधून वसूल होतं. तू म्हणालास, कच्च्या रस्त्यावर पोट घासत नाही. मी म्हटलं, भोपाळात तू कुठल्या जंगलात राहतोस? आई मात्र तुझ्या बाजूची होती. तिला चढायला तू स्वयंपाकघरातला पाट आणून ठेवायचास, आणि वर बसली की ती ऐटीत सांगायची, इथून मला कारखान्याच्या भिंतीपलीकडचं दिसतं. वीस वर्षं त्या भिंतीशेजारी काढून तिनं पलीकडचं पाहिलं नव्हतं.

जीप आली तेव्हापासून मी दर टाकीला मीटर बघून ॲव्हरेज काढायचो. आधी लिटरला नऊ किलोमीटर, टायरनंतर सात. मी ते जेवताना जाहीर करायचो. तू मान खाली घालून वरण ओरपायचास. आता कळतंय की मी त्यातही चुकत होतो, पण ते पुढे येईल.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा या भांडणाला काही अर्थ उरला नव्हता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. तिला विमलमावशीला बघायचं होतं. तार पाठवली, उत्तर नाही. मग तू सकाळी जीप घेऊन इटारसीला निघालास. संध्याकाळी एकटाच आलास आणि म्हणालास, मावशीच्या दाराला कुलूप आहे, दोन तास थांबलो, शेजारीही कुणी नव्हतं. यात अविश्वास ठेवण्यासारखं काय होतं? कुठलाही बाप म्हणाला असता, बरं, हातपाय धू.

मी टॉर्च घेऊन बाहेर गेलो आणि मीटर वाचला. सकाळचा आकडा माझ्याकडे चिठ्ठीवर होताच, मी तो नेहमीच लिहून ठेवायचो. आपल्या क्वार्टरपासून मावशीच्या दारापर्यंत ब्याण्णव किलोमीटर, जाऊन-येऊन एकशे चौऱ्याऐंशी. मीटरवर भरले एकशे त्रेसष्ट. एकवीस कमी. मी तिथल्या तिथे हिशेब केला: होशंगाबादचा पूल ओलांडलास आणि इटारसी दहा किलोमीटरवर असताना, पवारखेड्याच्या आसपास, मागे फिरलास. आत येऊन मी तुला तसंच सांगितलं, जागेच्या नावासकट. इंजिन तापलं असेल, तुझ्या लाडक्या टायरांनी गाडी ओढेना, आणि कुलपाची गोष्ट तू रचलीस, असं म्हणालो. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. तू तिकडे पाहिलंस, तेव्हा आईनं तोंड भिंतीकडे वळवलं होतं. तू तेही पाहिलंस.

मला आजही समजत नाही की मी असा कसा वागलो. आई मरणाच्या दारात असताना कुठला मुलगा दहा किलोमीटर राहिलेले असताना परत येईल? पण मी तीस वर्षं कारखान्याच्या कॅलिब्रेशन रूममध्ये बसलो होतो. देशभरातून मीटर यायचे, मी त्यांच्या चुका काढायचो आणि शिक्का मारायचो. माणसं सबबी सांगतात आणि यंत्रं सांगत नाहीत, असं माझं ठाम मत होतं. तुझ्यापेक्षा माझा त्या आकड्यावर जास्त विश्वास होता. हे वाक्य लिहिताना मला माझीच लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू मला न सांगता, फक्त अनुराधाला सांगून, पहिल्या बसनं पुन्हा इटारसी गाठलीस. कुलूप होतंच, मावशी हरद्याला कुणाच्या तरी बारशाला गेली होती. तू एक वाजता परत आलास, पण आई साडेनऊलाच गेली होती. दारात माणसं जमली होती. सरळ आत आलास आणि माझ्या चष्म्याशेजारी टेबलावर बसचं तिकीट ठेवलंस. नंतर आईपाशी जाऊन बसलास. ते तिकीट मी आजवर फेकलं नाही आणि पुन्हा हातातही घेतलं नाही, चष्म्याच्या जुन्या घरात आहे. मावशी तिसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, कुणी येऊन गेल्याचं मला शेजाऱ्यांनी काही सांगितलं नाही. त्यावर मी तुझ्याकडे असं पाहिलं की जणू निकालच लागला. तेरावा झाला आणि तू बडोद्याला निघून गेलास.

परवा पिपलानीत पेट्रोल भरून निघताना मी सवयीनं आपल्या जुन्या क्वार्टरसमोर मीटरचा आकडा चिठ्ठीवर लिहिला. आई गेल्यानंतर इटारसीला मी नेहमी रेल्वेनंच गेलो होतो, जीपनं पहिल्यांदाच चाललो होतो. बुधनीच्या चढावर ती हलकी चालली, त्याचंही मला कौतुक वाटलं. मावशीच्या दाराशी उतरण्याआधी आकडा पाहिला: ब्याण्णव. वाटलं, बरोबर आहे. आणि मग वाटलं, बरोबर का आहे? तीच जीप, तोच मीटर. बदललं काय, तर फक्त चाक.

अशोक, मीटर त्या दिवशीही खोटं बोलला नव्हता. तो रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. तुझं चाक आठव्या हिश्श्यानं मोठं होतं, तेव्हा तेवढ्याच फेऱ्यांत जीप जास्त रस्ता कापायची आणि मीटर आपला जुन्या चाकाचाच हिशेब सांगायचा. एकशे त्रेसष्टात त्याचाच आठवा हिस्सा मिळवून बघ, जवळजवळ एकशे चौऱ्याऐंशी होतात. मी मावशीच्या दारात, जीपमध्ये बसूनच मिळवला. तू तिच्या उंबऱ्यापर्यंत गेला होतास. ॲव्हरेजचंही तेच. लिटरमागे दोन किलोमीटर गेले म्हणून मी ओरडायचो, त्यातला एक खरोखर टायरनं खाल्ला होता आणि दुसरा फक्त मीटरवर दिसत नव्हता. टायर मोठे झाल्यावर काय काय होतं ते मी कॅलेंडरभर लिहिलं, आणि जी गोष्ट माझ्या रोजच्या कामाची, तीच लिहायची राहिली. तेराव्याची पंगत बसेपर्यंत मी जीपमध्येच होतो. लोकांना वाटलं, मेहुणीसाठी रडतो आहे.

मला माफ कर, असं लिहिणं फार सोपं आहे. लिहितो, पण त्यासाठी हे पत्र नाही, आणि मीटरची चूक कळवण्यासाठीही नाही. एक निरोप माझ्याकडे सोळा वर्षं पडून आहे. तू बसमध्ये होतास त्या सकाळी, नऊच्या सुमाराला, आईनं डोळे उघडले. तू कुठे आहेस म्हणून विचारलं. मी म्हटलं, इटारसीला गेलाय. तिनं कपाळाला आठी घातली आणि अगदी स्पष्ट म्हणाली, पुन्हा कशाला गेला, काल जाऊन आला ना तो. त्यानंतर ती बोलली नाही. आदल्या संध्याकाळी तिनं तोंड फिरवलं होतं ते माझ्याकडून, तुझ्याकडून नाही. हे मला त्याच क्षणी कळलं होतं. तू तिकीट ठेवलंस तेव्हा सांगायला हवं होतं, पण मला वाटलं, तिला काय माहीत, आकडा तर माझ्याकडे आहे. तुला ही सगळी वर्षं वाटत आलं असेल की ती तुला खोटारडा समजून गेली. तसं नव्हतं, बाळा. तिला चिठ्ठी लागली नाही, टॉर्च लागला नाही. तू गेला होतास हे तिला माहीत होतं.

तुझाच,
बाबा