दोन पानं एकदम

तात्या, मोखाड्याच्या शाळेच्या पडवीत आता रेडिओ बसवलाय. दुपारी चारच्या सुमारास एक गृहस्थ त्यावर मोठमोठ्या माणसांची चरित्रं वाचतात. आवाज बरा आहे, पण घाई फार. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "ह्याला काय गाव गाठायचंय का?" मी रोज जाऊन बसते. पेन्शनीत निघालेल्या मास्तरणीला दुसरं काम तरी काय आहे? ऐकून काही होत नाही मला. रडू येत नाही, हसूही नाही, घरी येते आणि भात टाकते. पण परवा त्या गृहस्थांनी चरित्रनायकाची बायको वारल्याचं वाचलं आणि लगेच पुढच्या वाक्याला त्याच्या बढतीवर गेले. माझा अंगठा आपोआप मांडीवर घासला गेला, तुमचा घासला जायचा तसाच. तेव्हा म्हटलं, आता लिहून टाकावं.

जव्हारला आपण बाईसाहेबांच्या आवारातल्या दोन खोल्यांत राहायचो. दरबारच्या नात्यातल्या त्या विधवा बाई, पडद्याआड बसून रोज दुपारी चरित्र ऐकायच्या, आणि वाचणारे तुम्ही. पोशेऱ्याच्या नाचणीच्या शेतातून उठून वाचक झालेला आपल्या घरातला पहिला माणूस. वाचन होतं म्हणून त्या खोल्या होत्या, नाहीतर परत पोशेऱ्याला काकांच्या दारात जाऊन उभं राहायचं, हे मला न सांगता कळत होतं. आणि तुमचे डोळे गेले. आधी बारीक टाइप गेला, मग ठळक, मग माझा चेहरा. हे आपल्या तिघांनाच ठाऊक. आईच म्हणाली होती, "पोरगी शिकलीय ना? मंग ती वाचंल, तुम्ही पाठ करा. पडद्याआडून कोन बघतंय?"

सकाळी मी चुलीपाशी बसून वाचायची, तुम्ही भिंतीला टेकून ऐकायचात. एका सकाळी दहा पानं, दोनदा. पान संपलं की मी म्हणायची, "उलटा," आणि तुम्ही अंगठा मांडीवर घासायचात. तेही पाठ व्हायला हवं होतं ना, कुठल्या शब्दाला पान उलटायचं ते. दुपारी मी पुस्तक हातात घेऊन तुमच्या पुढे चालायची आणि तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवायचात. लोकांना वाटायचं, काय लाडकी लेक आहे. आत गेल्यावर दोरा घातलेलं पान मी उघडून द्यायची आणि कोपऱ्यात बसायची. तुम्ही सुरू करायचात. अंगठा चुकला नाही तुमचा कधी. एकदा मी भात करपू नये म्हणून अर्धी ओळ गाळली, तर तुम्ही ताडकन म्हणालात, "हे वाक्य लंगडतंय. नीट वाच. वाचणाऱ्यानं पदरचं घालू नये आणि पुस्तकातलं चोरू नये." तेवढंच रागावलात मला जन्मात.

मग एका वर्षी आई गेली. हिवतापानं, दिवाळी उलटल्यावर. मी बाहेरच्या खोलीत भाकऱ्या भाजत होते, तुम्ही आत आईपाशी. शेजारची काकी आतून दारात आली आणि म्हणाली, "बाय गं, तुझी आय गेली." तव्यावरच्या भाकरीची एकच बाजू झाली होती. मी ती उलटली. दुसरी बाजू भाजली, खाली काढली, आणि मग उठले. काकीनं हे सगळ्या आळीला सांगितलं. "डोळ्याला टिपूस नाय पोरीच्या. काळीज हाय का दगड?" बाया कुजबुजायच्या आणि मी पाणी भरायची. काही वाटतच नव्हतं, तात्या. मला वाटायचं की आतून येईल काहीतरी, आज नाही तर उद्या. नाही आलं. बाराव्यानंतर बाईसाहेबांचा निरोप आला, वाचन सुरू करा. केलं.

नवीन चरित्र होतं, कुणा न्यायाधीशाचं. सातआठ दिवस सुरळीत गेले. एका सकाळी वाचता वाचता ओळीत पुढे दिसलं, की त्यांची पत्नी तापानं आजारी पडली. मी दोन पानं एकदम उलटली. मनाशी ठरवलं वगैरे काही नाही. रस्त्यात चिखल दिसला की पाय बाजूनं पडतो तसा हात पडला. पुढे ते न्यायाधीश बदलीच्या गावी निघाले होते, तिथून वाचलं. तुम्हाला कळलं नाही, दुपारी बाईसाहेबांनाही कळलं नाही. दोन दिवसांनी सकाळच्या दहा पानांत त्यांच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी निघाली. तुमचा अंगठा थांबला.

"पोरी, पहिलीचं काय झालं? वाचलंस का तू?"

"वाचलं की, तात्या. परवाच नाही का."

तुम्ही बोटांवर मागचे दिवस मोजलेत. मग म्हणालात, "असेल. पुढे वाच." मी वाचलं. आवाज जरासुद्धा कापला नाही माझा, याचं आजही नवल वाटतं.

त्या दुपारी तुम्ही लग्नाच्या बोलण्यांपाशी आलात आणि पडद्याआडून प्रश्न आला, "अहो, पहिली कधी वारली? आम्ही ऐकलं नाही. मागे जा, ते पान वाचा." मी कोपऱ्यात बसलेय. तुम्ही मागची पानं उलटताय, एक, दोन, तीन, जणू शोधताय. आता खोल्या गेल्या, आता पोशेरा. आणि तुम्ही वाचायला लागता. "त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांच्या पत्नीस ज्वर आला. तिनं पेज मागितली आणि घेतली नाही. दार लावा, कोंबड्या घरात शिरतात, असं म्हणाली. ते तिच्या पायावर हात ठेवून बसले होते, कारण तिचा चेहरा त्यांना दिसत नव्हता. पाय गार पडला, तेव्हा त्यांना वाटलं, ताप उतरला." न्यायाधीशाला बायकोचा चेहरा का दिसत नव्हता, ते तुम्ही सांगितलं नाहीत, आणि आतून कुणी विचारलंही नाही. न्यायाधीशाच्या घरात कोंबड्या कुठून आल्या, तेही नाही.

मग बाईसाहेब म्हणाल्या, "परत वाचा."

पाठ केलेलं असतं तर तसंच्या तसं आलं असतं. दुसऱ्या खेपेला वेगळं आलं. पेज राहिली, कोंबड्या राहिल्या, आणि तुम्ही म्हणालात, "त्यांची कन्या तेव्हा भाकऱ्या भाजत होती. तिला बाहेरच्यांनी सांगितलं, बापाला सांगता आलं नाही. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. त्याबद्दल तिला लोक बोलले. बाप आत बसून ऐकत होता. भाकरी उलटल्याचा आवाज आला तेव्हा त्याला बरं वाटलं, की घरात अजून कोणीतरी आहे." आणि तुम्ही अंगठ्यानं पान उलटलंत, बरोब्बर.

मग बाईसाहेब म्हणाल्या, "आज एवढं पुरे. उद्या या." त्यांना सगळं कळलं होतं, तात्या. तरी त्या उद्या या म्हणाल्या. दोनदा माणूस पाठवला त्यांनी. तुम्हीच गेला नाहीत. मला म्हणालात, "डोळे गेले ते निभावलं. पण ऐकलेलं डोक्यात राहत नसेल तर मी कसला वाचक?" खोल्यांचा ताबा तुम्ही स्वतःहून सोडलात. बाईसाहेबांनी ते पुस्तक तुम्हालाच पाठवून दिलं आणि तुम्ही ते माझ्या हातात दिलंत.

पोशेऱ्याला तुम्ही पुढे नऊ वर्षं काढलीत काकांच्या ओटीवर. रोज सकाळी जव्हारपासून सूर्यमाळेपर्यंतच्या पाड्यांची नावं ओळीनं म्हणायचात, मेंदू तपासायला. एकही चुकायचं नाही. तरी शेवटी विचारायचात, "पोरी, एखादं गाळलं का मी?" मी म्हणायची, "नाही." तुमचा विश्वास बसायचा नाही. मी नांगी टाकून बसायची. सांगायला एक वाक्य लागलं असतं. उद्या सांगू म्हणता म्हणता तुम्हाला पोचवून आले, आणि तेव्हाही डोळ्याला टिपूस नव्हता.

ते पुस्तक माझ्यापाशी आहे. ती दोन पानं मी अजून वाचलेली नाहीत. न्यायाधीशाची बायको पुस्तकात कशी गेली ते मला माहीत नाही. हे पत्र त्या दोन पानांत ठेवते, दुसरीकडे कुठे पाठवणार? तुमचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं, तात्या. तुम्ही काही विसरला नव्हतात. मी वाचलंच नव्हतं.