खिडकीतून टाकलेली पिशवी

९ नोव्हेंबर २००८
मस्कतहून पुन्हा फोन. धाकटा रणजीत इमारतीवरून पडला, त्याला नऊ दिवस झाले. शुद्धीवर येतो, जातो. त्याच्या खोलीत राहणारा माणूस म्हणाला, "भाई, भाई करता है. जल्दी आओ." भाई म्हणजे मीच. कंपनीनं व्हिसा पाठवलाय. विमान बुधवारी हैदराबादहून, दुपारी सव्वाचारला. मी आजवर विमान जवळून पाहिलेलंही नाही!

११ नोव्हेंबर
याडीनं तिळाचे लाडू बांधून दिले. "माझ्या लेकराला म्हणावं, आईनं केलेत. खाशील तर उठशील." पासपोर्ट, तिकीट त्याच पिशवीत ठेवलं.

१२ नोव्हेंबर
लिहू नये असं वाटतं. तरी लिहितो.

चुलतभाऊ भावसिंगची जीप. विमानतळाच्या दारातलं पार्किंग महाग, म्हणून लांबच्या स्वस्त पार्किंगमध्ये लावली. तिथून टर्मिनलला बस सोडतात. भावसिंग म्हणाला, "काहून पैसे घालवायचे, भीमसिंगदादा? टाइम हाय की." होताही. दोनच वाजले होते.

बस आली. ही गर्दी! आणि मी काय केलं — उघड्या खिडकीतून पिशवी सीटवर टाकली. जागा धरली! दाराकडे पळालो, तर दार बंद. "फुल हो गया, पीछेवाली में आओ." बस गेली. पिशवी गेली.

पंधरा वर्षं एसटीत कंडक्टर आहे मी. खिडकीतून रुमाल टाकणाऱ्यांना रोज झापतो. आणि मीच!

वीस मिनिटांनी दुसरी बस. टर्मिनलला पोचलो तर पिशवी पोलिसांकडे. बेवारस म्हणून! भोवती दोरी, लोक लांब उभे, कुत्रं आणलेलं. मी ओरडून राहिलो, "साहेब, माझीच हाय! लाडू हायेत त्यात!" त्यांनी मलाच बाजूला बसवलं. एकेक लाडू फोडून पाहिला. पिशवी हातात आली तोवर काउंटर बंद. पाया पडलो. काही उपयोग झाला नाही.

परतताना भावसिंगनं मला चहा पाजला. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१३ नोव्हेंबर
पुढचं तिकीट सोमवारचं. याडीला सांगितलं, विमानच रद्द झालं. ती म्हणाली, "त्यात तुझा काय दोष, लेकरा?" तिच्यासमोर बसवेना. उठून गोठ्यात गेलो आणि रडलो.

१४ नोव्हेंबर
दिवसभर फोन लावतोय. लागत नाही. सेवालाल बापू, सोमवारपर्यंत धरा त्याला! एवढंच.

१५ नोव्हेंबर
सकाळी फोन आला. रणजीत गेला. पुढच्या आठवड्यात पेटी हैदराबादला येईल, घ्यायला या म्हणाले. याडी समोर उभी. तोंडातून एवढंच निघालं, "याडी, रणजीत येऊन राहिला." पुढचं सांगताच आलं नाही. आता ती अंगण सारवतेय, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून सांगतेय — पोरगं बरं झालं म्हणून.