विकत न आणलेलं मटण

३० सप्टेंबर २००६, शनिवार. अ‍ॅशबर्न.

आज घरात आलं: तांदूळ वीस पौंड, बारा डॉलर. उदबत्ती दोन पुडे, दीड. हिंग, दोन. धनुष्य एक, बाणांसकट, चारशे साठ!!

शिवाय झाडाच्या पाल्यासारखं दिसणारं जाकीट. ते घालून हे दिवाणखान्यात सोफ्यामागे उभे राहिले आणि म्हणाले, "दिसतोय का मी?" एवढे पैसे गेल्यावर माणूस चांगला स्पष्ट दिसतो.

हे सगळं ह्यांच्या ऑफिसातल्या ग्लेनसाहेबांमुळे. पर्सेलव्हिलच्या पलीकडे त्यांची जंगलाची जागा आहे. "गुरु, या सीझनला हरणाच्या शिकारीला ये!" असं म्हणाले. ग्रीन कार्डाच्या कागदांवर ज्यांची सही, ते ये म्हणाले की जायचं. विहिरीत उडी मार म्हणाले असते तर ह्यांनी पोहण्याचा चष्मा मागवला असता.

२ ऑक्टोबर, सोमवार. दसरा.

दरवर्षी शस्त्रपूजेला लॅपटॉप, स्क्रूड्रायव्हर आणि माझी विळी असते. यंदा प्रथमच खरं शस्त्र. हळद-कुंकू वाहिलं. आपट्याची पानं इथे कुठली! रेणू म्हणाली, "आई, बाबांच्या जाकिटावरची कट करून वाटू या." पोरगी वीस वर्षांची झाली, पण थट्टा अजून दहाव्या वर्षातलीच.

नोव्हेंबरच्या चोवीसला एकवीस पूर्ण. त्याआधी कार्डं आली तर बरं. एकवीस पूर्ण झालं की इथल्या सरकारच्या लेखी ती आमच्या कागदांवरून गळते. जन्म दिला मी, मुदत ठरवणार सरकार!

म्हणूनच गावच्या सातेरीदेवीला नवस बोलले आहे. ग्रीन कार्ड येईपर्यंत घरात मटण विकत आणणार नाही. नवसाचा नवस, बचतीची बचत. अडीच वर्षं झाली. हे तोंडानं काही बोलत नाहीत, पण कोणाकडे बारशाला गेले की रस्सा वाटीनं पितात.

आज नैवेद्याचं ताट वाढताना म्हणाले, "शिकार म्हणजे विकत आणलेलं नव्हे, बरं का."

"बाण विकत आणलेत ना?"

"बाण कुठे खायचेत!"

मी वाद वाढवला नाही — खोटं कशाला लिहू. मलाही अडीच वर्षं झालीच की.

३ ऑक्टोबर.

गावी राजीवभावोजींना पत्र टाकलं. हे माझे थोरले दीर, देवळाचं सगळं तेच बघतात. फोनवर त्यांना ऐकू येत नाही, आणि कौल काही फोनवर लागत नाही. लिहिलं — गुरवाकडून देवीला पाकळ्या लावून विचारा: विकत न आणलेलं, मारून आणलेलं मटण नवसाला चालेल का? उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

९ ऑक्टोबर, सोमवार.

सीझन शनिवारी सुरू झाला. हे निघाले. मी म्हटलं, "आज वार आहे." शनिवारी जीव घ्यायचा म्हणजे काय! दुसऱ्या दिवशी निघाले, तर रविवारी शिकार करायला इथल्या राज्याचा कायदा मना करतो. सोमवार-गुरुवार तर आपले आहेतच. मंगळवार देवीचा, त्यात उद्याचा नेमका अंगारकी.

"देवांनी सोडलेला एकुलता एक सुट्टीचा वार ग्लेनच्या सरकारनं घेतला," म्हणाले. राहिले बुधवार नि शुक्रवार. दोन्ही दिवशी ऑफिस.

शिवाय कौल यायचाय.

२२ ऑक्टोबर, रविवार.

मंडळाचा दिवाळी फराळ, शाळेच्या हॉलमध्ये. ह्यांच्या ऑफिसातले प्रताप सगळ्यांसमोर ओरडले, "काय यार गुरुदत्त, अजून हरीण नाही? माझ्या गाडीपुढे रोज एक येतं! म्हणशील तर घरपोच करतो!" सगळे हसले. हेही हसले, पण चकली तशीच ताटात राहिली.

त्यांची बायको लता माझा हात धरून म्हणाली, "अय्या, हरीण मारायचं? कसं बघवतं हो! आम्ही तर शुद्ध शाकाहारी." मग ताटं उचलताना माझ्या कानाशी आली. "मिळालंच, तर एक छोटा डबा… ह्यांच्यासाठी हं."

२७ ऑक्टोबर.

हे रोज संध्याकाळी गराजमध्ये गवताच्या पेंढीवर बाण मारतात. आज पेंढी चुकली. तांदळाची पिशवी लागली.

ग्लेनसाहेबांची रीत सांगितली. लहान जनावर समोर आलं तर बहुतेक शिकारी सोडून देतात. 'पास' करणं म्हणतात. मला वाटलं, दया. पण नाही! आज सोडलं की पुढच्या वर्षी मोठं होऊन मिळतं. म्हणजे फिक्स डिपॉझिट. हे मला लगेच समजलं. मात्र सोडायचं की मारायचं, हे ज्याचं त्यानं झाडावर बसून, एकट्यानं ठरवायचं. कोणी कोणाला सांगायचं नाही.

ह्यांनी आजवर शर्टाचा रंग एकट्यानं ठरवलेला नाही.

३१ ऑक्टोबर, मंगळवार.

भावोजींचं पत्र! देवीनं उजवी पाकळी दिली, ती पत्रात घालून पाठवलीही. चालेल! खाली ताजा कलम — "हरणाचं सुकवून टपालानं पाठवता येत असल्यास बघणे."

वाटणाचा कांदा भाजून फ्रीजरमध्ये ठेवला. खोबरंही. तयारी असलेली बरी.

९ नोव्हेंबर, गुरुवार.

उद्या शुक्रवार, आणि माजी सैनिकांची म्हणून ऑफिसला सुट्टी! कालचा बुधवार संकष्टीनं खाल्ला. पुढच्या शुक्रवारी सीझन संपतोच. म्हणजे उद्या हे जमायलाच हवं. डबा: पोळ्या, बटाट्याची भाजी, लोणचं नको — वासानं हरीण पळतं म्हणाले. ज्या जनावराला लिंबाचं लोणचं आवडत नाही त्याच्यावर दया काय करायची!

१० नोव्हेंबर, शुक्रवार.

पूजा आटोपून कुकर लावला, तोच फोन. हे कुजबुजत होते. मीही कुजबुजले, मग लक्षात आलं, माझ्या स्वयंपाकघरात कुठलं आलंय हरीण!

"अगं, आलंय."

"कोण?"

"हरीण. म्हणजे पाडस. वर्षाचं असेल. अगदी खाली उभं आहे. मारू की सोडू?"

"तुमच्या साहेबांची रीत काय? ज्याचं त्यानं ठरवायचं ना?"

"ग्लेन पलीकडच्या झाडावर आहे. त्याला ऐकू जात नाही. तू बोल लवकर."

"एकटंच आहे?"

"नाही. मागे आई आहे. थोडी लांब. इकडेच बघते आहे."

मी कॅलेंडर बघितलं. शुक्रवार, तिथीची काही आडकाठी नाही. देवीची उजवी पाकळी डब्यात जपून ठेवलेली. वाटण तयार. कोवळं मटण एका शिट्टीत शिजतं — हेही मनात आलं, लिहून ठेवते. माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

एवढ्यात रेणू मोजे घासत खाली आली, दुधातलं ते सीरियल खात. "आई, कोण आहे? इतकं हळू का बोलतेस?"

तिच्या ओठावर दुधाची मिशी होती.

"सोडा," मी म्हटलं.

"बरं!" इतक्या पटकन म्हणाले, जसे उत्तराचीच वाट बघत होते. थोड्या वेळानं, "गेली दोघं. पाडस आईमागून."

कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या. डाळीचा लगदा.

देव्हाऱ्यापुढे बसले आणि देवीला सरळच म्हटलं. उजवी दिली होतीस तरी मी सोडलं. पाडसाच्या आईकडे बघून सोडलं. लिहून ठेव. चोवीस तारीख विसरू नकोस.

संध्याकाळी हे आले. जाकीट काढताना म्हणाले, "तू मार म्हणाली असतीस ना, तर मी रेंज गेली म्हणून सांगणार होतो."

१४ नोव्हेंबर.

ऑफिसात ह्यांचं कौतुक झालं. पहिल्याच सीझनला सोडायला जमलं! ग्लेनसाहेबांनी पाठ थोपटली, "गुरु, आता तू खरा शिकारी!" आमच्या गावी याला हात हलवत परत येणं म्हणतात.

लताचा फोन. "झालं का हो काही?" मी म्हटलं, "झालं. वरण."

२४ नोव्हेंबर, शुक्रवार.

रेणूला ओवाळलं. पोस्टमन दुपारी आला. गाद्यांच्या सेलची पत्रकं टाकून गेला.

६ डिसेंबर, बुधवार.

पाकिटं आली. ह्यांनी दारातच फाडली. माझं कार्ड, ह्यांचं कार्ड.

पाकीट उलटं करून झटकलं. मग टपालपेटीत हात घालून बघितलं. मग मीही घालून बघितला.

वकिलांना फोन केला. रेणूचा अर्ज चोवीसलाच गळाला म्हणे. आता तिनं विद्यार्थिनी म्हणून वेगळा व्हिसा मागायचा, तो मिळेपर्यंत थांबायचं, नाही मिळाला तर देश सोडायचा. कुठल्या देशात जायचं तिनं? सात वर्षांची आली होती. रेणू हसून म्हणाली, "इट्स ओके आई. मी गेस्ट म्हणून राहीन तुमच्याकडे. डिनर तर देशील ना?" मग वर गेली आणि दार लावून घेतलं.

हे जिन्यात बसून राहिले. म्हणाले, "मटण आणू का? नवस फिटला ना."

मी नवसात ग्रीन कार्ड म्हटलं होतं. कोणाकोणाचं, ते म्हटलं नव्हतं. विकत आणलेलं नि न आणलेलं असा कीस आम्हीच आधी काढला.

७ डिसेंबर, गुरुवार.

भावोजींना जे लिहिलं त्याची प्रत:

ती. राजीवभावोजींस सा. न. कार्डं आली. दोन. मटणाचं आता काही विचारायचं नाही. गुरवाकडून पुन्हा पाकळ्या लावा आणि देवीला एवढंच विचारा — ते पाडस आईमागून नीट घरी पोचलं का? उलट टपाली कळवावे.