त्रेसष्टाव्या मजल्यावरचं कपाट

मेलबर्न, मंगळवार दुपार

ती. नोलाताईस,

धाकट्या एरलचा नमस्कार. टास्मानियाची हवा तुझ्या नव्या गुडघ्याला मानवली का? मावशीला (अजून रागावलेली नसेल तर) आठवण सांग. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

तुझ्या फ्लॅटची राखण चोख चालली आहे. झाडांना पाणी, बिस्किटला दाणे. (पक्षी बुधवारपासून दांडीवर बसत नाही. पिंजऱ्याच्या तळाशी पाय फाकून उभा राहतो आणि माझ्याकडे बघतो.) बुधवारीच पश्चिमेचा वारा सुटला. भर दुपारी, लख्ख उन्हात मी चहा पीत होतो आणि तुझ्या कपाटाचं दार आपणहून उघडलं. लावलं, तर परत उघडलं. तिसऱ्या खेपेला, सांगायला लाज वाटते, मी "कोण आहे?" असं विचारलं. आत तुझे कोट होते. सगळे मिळून डावीकडे गेले, थांबले, उजवीकडे आले. माझ्या हातातला कप गळून फुटला (निळ्या फुलांचा, माफ कर).

शेजारच्या देस्पिनाबाई धावत आल्या. त्यांच्या मते तो त्यांचा दिवंगत नवरा. "माझी आई आली की कपाटातच लपायचा मेला!" त्यांनी दाराच्या मुठीला दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात घालतात तो आपला निळा मणी बांधला आणि दरडावून विचारलं, "काय हो, घरी येताय का?" मणी डावी-उजवीकडे हलला. "बघा! मेल्यावरही नाहीच म्हणतो!" आणि बाई खरोखर रडल्या.

मी हसलो नाही, कारण मी घड्याळ बघत होतो. दर झोक्याला सात सेकंद, ना कमी ना जास्त. न्हाणीघरात जाऊन टबात पाणी भरलं. वारा पश्चिमेचा, म्हणजे पाणी पूर्वेला जायला हवं. ते उत्तर-दक्षिण हेलकावत होतं. ताई, वाऱ्याच्या बोगद्यात (लांब खोली, एका टोकाला पंखा, दुसऱ्या टोकाला इमारतीचं छोटं मॉडेल) मी सव्वीस वर्षं काढली. धारदार कोपऱ्यावरून वारा निसटला की त्याचे भोवरे सुटतात, एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला, अगदी ठेक्यात, आणि इमारत वाऱ्याला आडवी झुलू लागते. कोपरे गोल असले की तो ठेका मोडतो. पण या टॉवरचं मॉडेल मीच केलं होतं आणि ते बोगद्यात तसूभर हललं नाही! साहेबांनी खुशीने सगळ्यांना खिमा भरलेले गरम मीट पाय खाऊ घातले होते. म्हणून मी मनाला समजावलं की भास आहे. तरी लिफ्टमध्ये माणसं बोलता बोलता एकदम गप्प होतात, आणि कुणीच कुणाकडे बघत नाही. लिफ्टच्या जाड तारा आतून भिंतीवर आपटतात, कुणी दार ठोठावल्यासारख्या. मला भीती वाटते, ताई.

काल बाल्कनीत तोल जाऊन इमारतीच्या कोपऱ्यावर कपाळ आपटलं. तीन टाके पडले. बाकी ठीक.

तुझा,
एरल

ता. क. बिस्किटला माझ्या घरी नेलं. तिथे तो लगेच दांडीवर बसला.

ता. क. टाके घालताना आठवलं. बाबा खेळणी करायचे तेव्हा म्हणायचे, धार ठेवू नकोस, पोराच्या हाताला लागते. तेव्हापासून हातात लाकूड आलं की माझा काचपेपर आपोआप फिरतो. आराखड्यात त्या टॉवरचे कोपरे धारदार होते. मॉडेलचे मी गोल केले. कुणालाच कळलं नाही, मलाही नाही. मोठ्या वादळात हा टॉवर काय करेल ते कुणालाच ठाऊक नाही, आणि आत देस्पिनाबाईंसारखी शेकडो माणसं राहतात. तू इतक्यात परत येऊ नकोस.

ता. क. वास्तुशांतीला मी दिलेलं ते मॉडेल तू भावाची कारागिरी म्हणून मावशीला दाखवायला नेलंस ना? ते पत्र मिळताच टपालात टाक. सोमवारी साहेबांच्या टेबलावर ठेवायचं आहे. नोकरी जाईल, जाऊ दे. उद्या मी फोन करून म्हणेन की राहू दे, शेकोटीत टाक. ऐकू नकोस.