डोळे आपले आपण फिरतात

ता. ४
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पायाचं प्लास्टर महिनाभर राहणार म्हणे. तुला सक्तीची विश्रांती म्हणजे शिक्षा घरच्यांनाच!

आता लिहिते ते वाचून घाबरू नकोस. परवा मी क्रेनच्या केबिनमध्ये होते. सळयांचा भारा हवेत, खाली माणसं, आणि एकदम अख्खी इमारत गरगरली. डोळे मिटले तरी थांबेना. जीव मुठीत धरून भारा कसाबसा खाली टेकवला. मग दोघांनी मला धरून उतरवलं.

कंपनीचे डॉक्टर म्हणाले, कानाचं दुखणं आहे, आपोआप जाईल. ह्यांना मी पित्त झालं म्हणून सांगितलंय. पण आपले बाबाही असेच ‘जरा चक्कर आली’ म्हणत आडवे झाले होते ना?

लोभ असू दे, राग तेवढा आवर.
तुझी,
चिमणी

ता. ७
चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

राग आवरणार नाही. बाबा आडवे झाले ते उठलेच नाहीत, हे तुला मी सांगायला हवं का? पित्त म्हणे! नवऱ्याला आजच्या आज खरं सांग आणि मोठ्या दवाखान्यात जा. पुन्हा क्रेनवर चढलीस तर लंगडत येऊन खाली ओढीन.

आशीर्वाद आहेतच, सोबत एक धपाटाही घे.
तुझी,
ताई

ता. ११
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ह्यांना सांगितलं. ऐकताच त्यांनी चपला घातल्या आणि मला इथे मोठ्या दवाखान्यात आणलं.

डोळ्यांवर जाडजूड काळा चष्मा बांधला, आत कॅमेरे. मी अंधारात, पण माझे डोळे समोरच्या पडद्यावर ह्यांना दिसत होते. मी मुद्दाम काही करत नव्हते, तरी ते आपले आपण हिसके देत होते. कॉम्प्युटर त्या हिसक्यांची करवतीसारखी रेघ काढत होता. डॉक्टरीणबाई आधी गप्पा मारत होत्या. मग म्हणाल्या, उजवीकडे बघा, मग डावीकडे. आणि तेच त्यांनी पुन्हा दोनदा करायला लावलं. कान बिघडला असता तर हिसके एकाच दिशेचे राहिले असते. माझे, जिकडे बघावं तिकडे वळत होते. दोष कानात नाही, लहान मेंदूत असावा, असं त्यांनी ह्यांना सांगितलं.

स्कॅनला नंबर यायचाय, तोवर लिहितेय. अक्षर वाकडं आलंय. ताई, मला फार भीती वाटते गं.

माया कमी होऊ देऊ नकोस.
चिमणी

ता. १६
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लहान मेंदूत रक्ताची गुठळी निघाली. छोटी आहे. औषधं लागू पडताहेत, भिंत धरून न्हाणीघरापर्यंत जाते. आणखी दुर्लक्ष केलं असतं तर काय झालं असतं, हे मी विचारलं नाही, बाईंनीही सांगितलं नाही. क्रेन मात्र सुटली.

तो पडदा पाहिल्यापासून हे पार धास्तावलेत. काल दुपारी मला डोळा लागला, तर माझ्या पापण्यांवर बोटं ठेवून बसले. आत बुबुळं हलायला लागली तशी ह्यांनी आरडाओरडा करून अख्खा वॉर्ड गोळा केला. नर्सनी वाकून पाहिलं आणि हसू दाबत सांगितलं की अहो, त्यांना स्वप्न पडत होतं.

हे हसले नाहीत. मान फिरवून कितीतरी वेळ डोळे पुसत राहिले.

प्लास्टर निघालं की ये. तोवर जीव लावून ठेव.
तुझी,
चिमणी