फुकटच्या कॉइनचं वाण

१९ जानेवारी
काल हळदीकुंकू झालं. ह्या वर्षी प्लास्टिकचे डबे नाहीत! नात रुचिता म्हणाली, "आजी, वाण डिजिटल देऊ." एक साइट आहे. बसची चित्रं ओळखायची, बटण दाबायचं, की चिमूटभर कॉइन, म्हणजे इंटरनेटवरचे पैसे, फुकट. मी दिवाळीपासून दाबतेय. अंगठा झिजला, चहापुरतंसुद्धा सुटलं नाही. तरी आमच्या अख्ख्या कोपर भागातल्या बायका खूश! रुचिताने एकेकीच्या फोनवर लावून दिलं. आधारचा फोटो मागत होतं, कॅमेऱ्यासमोर मान हलवायला सांगत होतं. ह्या नटव्या लगेच पदर सारखा करून तयार!

शेजारची गोदूबाई तेवढी अडून बसली. "फुकट देणाऱ्याला माझं आधार कशाला गं?" मी कुंकू लावता लावता दटावलं — "सवाष्णीने वाण नाकारायचं नसतं." दिलं मग तिने.

२७ जानेवारी
साइट उघडत नाही. रुचिता म्हणते, सर्व्हर डाउन. सर्व्हरचं मला काय कळतंय! पोरीचं तोंड उतरलेलं मात्र कळतं.

३ फेब्रुवारी
गोदूबाईच्या नावाने कुठल्याशा बँकेत खातं निघालंय. तिने त्या बँकेचं दारही पाहिलेलं नाही! कोणाकोणाला लुबाडलेले पैसे त्यातून फिरले म्हणे. ठाण्याहून पोलिसांचा फोन — चौकशीला या. तिचा नवरा जिन्यात ओरडत होता, "कुणी दिलं हे? नाव सांग!" मी आमचं दार लावून घेतलं. तव्यावर भाकरी करपली तरी हात पुढे जाईना.

४ फेब्रुवारी
बेलची वायर ह्यांच्याकडून काढून घेतली. सांगितलं, बिघडलीय.

५ फेब्रुवारी
रुचिता आज फुटली. "आजी, लिंक माझी होती. प्रत्येकीमागे मला जास्तीचे कॉइन मिळणार होते. पोलीस माझ्यापर्यंत येतील गं." पुढच्या महिन्यात नोकरीवर रुजू व्हायचंय तिला. म्हटलं, रडणं बंद, गप गिळ. खाली रिक्षा थांबली तरी पडद्याआडून डोकावून बघते. आणि बाकीच्या बायका? त्यांची पण खाती निघाली असतील तर? विचारायला जायची हिंमत नाही.

९ फेब्रुवारी
आज ठाण्याला पोलिसांकडे गेले. मनाशी पक्कं केलेलं — सगळं माझ्यावर घ्यायचं, पोरीचं नाव काढायचं नाही. आत गोदूबाई बाकावर. मी शेजारीण म्हणून सांगितलं; पुढे काही बोलायच्या आत साहेबाने तिलाच विचारलं, "ह्यांच्या घरी झालं का हे?"

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "नाही हो. ह्यांच्याकडे मी गेलेच नाही. घरी एकटी होते, माझं मीच दाबलं."

मी मान डोलावली आणि तिच्याशेजारी बाकावर बसले.